मालक, मंडळ आणि बाकीचे

माझ्या मोठ्या जावेच्या गळ्यात गाठ निघाली आणि अकोल्याच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र काढावं लागेल असं सांगितलं, त्या दिवशी घरात सगळ्यात जास्त मी रडले. डॉक्टरांचं बोलणं सरळ होतं. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं, स्वतःच्या पदरानं माझंच तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "जीव राह्यते न? मंग रडाले काय झालं? गाणे मातर आधी मशीनमधी भरून घ्या लागतीन. ते तुह्यं काम."

गाणी त्यांची स्वतःची होती. आमच्या गावच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने रोज ग्रंथाचं वाचन होतं आणि वाचन संपलं की महिला मंडळ गातं. त्यातली निम्म्याहून जास्त गाणी जाऊबाईंनी रचलेली. सोयाबीन काढायच्या हडंब्यावर, म्हणजे मळणीयंत्रावर, त्यांचं गाणं आहे, शेलूबाजारच्या जीपमध्ये माणसं कशी कोंबतात त्यावर आहे, पहिल्यांदा एसटीच्या खिडकीशी बसलेल्या पोरीवर आहे. यातलं एकही कुठं लिहिलेलं नाही. सगळं त्यांच्या डोक्यात, आणि डोक्यातून बाहेर यायला वाट एकच, ती बंद होणार होती.

मी पडले कॉम्प्युटरवाली. शेलूबाजारला हायवेच्या कडेला, एका कृषी केंद्राच्या वरच्या खोलीत माझा क्लास आहे. खाली खताची पोती, वर टायपिंग. माझा स्वभाव शिस्तीचा आहे असं मी म्हणते. घरचे त्याला दुसरं नाव देतात. प्रत्येक फाईल तिच्या फोल्डरमध्ये, प्रत्येक पेन ड्राइव्ह तिच्या डबीत, आणि न विचारता माझ्या मशीनला हात लावणाऱ्याची खैर नाही. जाऊबाई मला म्हणायच्या, "तुह्या घरात मुंगीलेही चिठ्ठी घेऊन या लागते."

दुपारी क्लास रिकामा असायचा तेव्हा रेकॉर्डिंग करायचं ठरलं. माझे भासरे, म्हणजे मोठे दीर, त्यांना मोटारसायकलवर आणून सोडत आणि खालीच थांबत. धाकट्या भावाच्या बायकोसमोर बसायचं नाही, तिच्याशी फार बोलायचं नाही, हा जुना रिवाज. आता गावात कोणी पाळत नाही, ते पाळतात. मला काही सांगायचं असलं तर अजूनही हवेत बोलतात, आणि ते मी ऐकायचं असतं.

गाणं भरून घेणं सोपं असेल असं मला वाटलं होतं. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, माईक त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, "हं, करा सुरू." जाऊबाईंनी खोकून घेतलं, पदर सारखा केला आणि विचारलं, "तुह्या नवऱ्यानं डबा नेला का आज?" सुरू म्हटलं की त्या कधीच सुरू होत नसत. बोलता बोलता, एखादं वाक्य अर्धं सोडून, अचानक गायला लागत. त्यामुळे मी शेवटी युक्ती केली. त्या जिना चढायला लागल्या की इकडे रेकॉर्डिंग चालू करून ठेवायचं, पंख्याचं आणि खिडक्यांचं नंतर बघायचं. मग प्रत्येक फाईलच्या सुरुवातीला तुरीची डाळ, पंख्याची घरघर, माझी विस्कटलेली वेणी आणि जगातल्या सगळ्यांच्या सुनांचं वागणं असं सगळं साठत गेलं. ते नंतर कापून टाकू असा माझा बेत होता. शिस्तीच्या माणसाला गाण्याआधीची बडबड म्हणजे तांदळातले खडे.

आवाज तोपर्यंत घोगरा झाला होता. वरचा सूर लागत नसे, तिथं त्या टाळी देऊन पुढं जात. पण गोडवा होता. ऐकताना मला वाटायचं, हा आवाज आपण ठेवतोय. मग मी उगाच केबल तपासत बसायचे.

गाणी जमली, आता ती विहारात पोचवायची होती. विहाराला लागून अभ्यासिका आहे. पोरं-पोरी तिथं परीक्षांचा अभ्यास करतात. गावातल्या एका मुलानं पुण्याच्या कंपनीतले टाकून दिलेले कॉम्प्युटर पाठवले होते, त्यातला एक नीट चालतो. त्याच्यावर मी लिनक्स टाकलं, कारण फुकट आहे आणि जुन्या मशीनला झेपतं. पोरांनी आधी तोंडं वाकडी केली, मग सवय झाली. त्याच मशीनला एक माईक आहे, आवाज भरायचा एक साधा प्रोग्राम आहे. मंडळाच्या बायकांनी तो कधीच शिकून घेतला होता.

कॉपी करायला मी बसले तेव्हा जाऊबाई शेजारी खुर्ची ओढून बसल्या. माऊसनं एवढ्या फाईली ओढल्या तर ते म्हातारं मशीन मध्येच झोपी जातं, म्हणून मी टर्मिनल उघडलं. काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक पांढरी रेघ.

"चित्र कुठं गेलं?" त्यांनी विचारलं.

"चित्र नाही यात. यात लिहून सांगायचं. सीपी लिहिलं की कॉपी होते. कुठून आणि कुठं, एवढं नीट सांगितलं की झालं."

मी ओळ लिहिली, बटण दाबलं. पेन ड्राइव्हचा दिवा फडफडला. थोड्या वेळानं रेघ पुन्हा खाली येऊन लुकलुकायला लागली.

"काय म्हणते?"

"काही नाही. झालं काम. नीट झालं की हा काही बोलत नाही. चुकलं तरच बोलतो."

"आपल्या सासऱ्यावाणी हाये म्हंजे," जाऊबाई म्हणाल्या, आणि त्या खुर्चीत आरामात मागे टेकल्या. त्यांना टर्मिनल आवडलं.

मग मी फाईलींची यादी काढून दाखवली. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला आर, डब्ल्यू, एक्स अशी अक्षरं आणि मध्ये मध्ये आडव्या रेघा. हे काय, असं त्यांनी विचारलं. आणि माझी चूक म्हणा की नशीब म्हणा, मी समजावून सांगितलं. प्रत्येक फाईलशी तीन जणांचा संबंध असतो. एक तिचा मालक. दुसरा गट, आपल्या इथं महिला मंडळ. आणि तिसरे बाकीचे. प्रत्येकाला काय काय करू द्यायचं ते वेगवेगळं ठरवता येतं. वाचायचे चार, लिहायचे दोन. मी चमॉड नावाची आज्ञा लिहिणार होते, सहा, चार, चार. म्हणजे मालकाला वाचता-लिहिता येईल, मंडळाला नुसतं वाचता येईल, बाकीच्यांनाही नुसतं वाचता येईल.

"बाकीचे म्हंजे कोण?"

"म्हणजे सगळे. अभ्यासिकेतली पोरं, पाहुणे, कोणीही."

"गावच्या इहिरीवर आमी बाकीचेच होतो," त्या म्हणाल्या. त्यात कडवटपणा नव्हता, भाव सांगावा तसं सांगितलं. "पायता येत होतं. हात नाई लावता येत."

मी म्हटलं, ताई, ते वेगळं, हे वेगळं. तुमच्या आवाजाला कोणी धक्का लावू नये म्हणून हे. ऐका म्हणावं पाहिजे तितकं, फक्त बिघडवू नका.

"पण कडवं कुठं टाकतीन मंग?"

इथं आमच्या मंडळाचा रिवाज सांगायला हवा. विहारात एकीनं गाणं म्हटलं की पुढच्या वेळी ते म्हणणारीनं आपलं एक कडवं त्यात घालायचं. वाईट असलं तरी चालतं, पण घालायचं. एखाद्या गाण्यात वर्षभर कोणी काही घातलं नाही तर बायका म्हणतात, निजलं गाणं. मग ते कोणी म्हणत नाही. जाऊबाईंची कितीतरी गाणी आता चार-चार जणींची झाली होती, आणि कोणतं कडवं कोणाचं ते फक्त त्यांनाच आठवत होतं.

मी म्हटलं, कडवी घाला ना, नवीन फाईल करा, नवीन नाव द्या. जुनीला हात नको. जाऊबाई म्हणाल्या, नवीन कायले, गाणं तं तेच हाये. मी म्हटलं, फाईल वेगळी. त्या म्हणाल्या, बाळंतीण झाली म्हून का बाई बदलते? आमचं असं बरंच चाललं. मी तोंडाची फटकळ आणि त्यांना मुद्दा सोडणं माहीत नाही. शेवटी त्यांनी माझा हात माऊसवरून उचलला आणि आपल्या गळ्यावर ठेवला. गाठ बोटांना लागली.

"हे जाऊन राह्यलं," त्या म्हणाल्या. "जे राह्यते, त्याले कुलूप नको लावू."

मी सहा, सहा, चार लिहिलं. मालक आणि मंडळ, दोघांनाही लिहायचा हक्क. मंडळासाठी वेगळं खातं काढून दिलं, त्याचा पासवर्ड सांगितला आणि गुप्त ठेवा म्हणून बजावलं. दुसऱ्या दिवशी तो अभ्यासिकेच्या कपाटावर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलेला होता. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

एक गाणं मात्र राहिलं होतं. ते क्लासमध्ये म्हणायला त्यांनी नकारच दिला होता. आमच्या सासूबाई आणि त्यांच्या बरोबरीच्या बायकांनी विहाराच्या बांधकामाला डोक्यावरून मुरूम वाहिला होता, त्याचं ते गाणं. ते त्या भिंतीसमोरच म्हणणार होत्या. अकोल्याला निघायच्या आदल्या दुपारी आम्ही विहारात गेलो. अभ्यासिकेतलं मशीन दाराशी ओढून घेतलं, माईकची वायर आत सोडली आणि रेकॉर्डिंग चालू केलं. भासरे मागच्या भिंतीला टेकून बसले. विहारात बसायला त्यांना रिवाजाची अडचण नव्हती. जाऊबाईंनी त्यांच्याकडे पाहून, "पुढं या जी, मांगं कायले बसले," असं म्हटलं आणि ते खरंच उठून पुढं येऊन बसले. मग जाऊबाईंनी सुरुवात केली.

पाटी मुरमाची डोईवर बाई, पायाखाली तापल्या वाटा,
भिंत चढली कमरेइतकी, तिच्यात माह्या सासूचा वाटा.

वरच्या सुराला टाळी पडली, आवाज फाटला, त्या हसल्या आणि पुढं गेल्या. मी त्या वेळी रडले नाही. फाईल मशीनमध्ये गेली, मी तिला बाकीच्या गाण्यांसारखीच परवानगी दिली. विहारातून निघालो तेव्हा घरी बॅगा भरायच्या होत्या, स्वयंपाक व्हायचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही अकोल्याला होतो.

ऑपरेशन नीट झालं. त्यानंतरचं राहणं लांबलं. नळी, ड्रेसिंग, पुन्हा नळी. माझा नवरा आणि मी आलटून पालटून जात होतो, भासरे तर तिथून हललेच नाहीत. जाऊबाईंच्या गळ्याला समोर छिद्र राहिलं, श्वास तिथून. त्यावर त्या पांढरं फडकं बांधतात. ओठ हलतात, शब्द कळतात थोडे, आवाज येत नाही. पहिल्यांदा शुद्धीवर आल्यावर त्यांनी काहीतरी म्हटलं आणि खोलीत काहीच ऐकू आलं नाही, तेव्हा भासरे खिडकीपाशी जाऊन उभे राहिले होते.

घरी आणल्यावर, जरा स्थिरस्थावर झाल्यावर मी विहारात गेले. ते मुरमाचं गाणं माझ्याकडे आणायचं होतं, त्याची एक प्रत क्लासच्या मशीनमध्ये ठेवायची होती. टर्मिनल उघडलं, यादी काढली. त्या फाईलच्या ओळीवर तारीख अलीकडची होती आणि आकार लहान. मी ती लावली. सुरुवातीला भासऱ्यांना पुढं बोलावणं नव्हतं. थेट गाणं सुरू झालं, आणि आवाज दुसरीचाच होता.

ती मंडळातली सगळ्यात नवी सून होती, विहाराच्या मागच्या गल्लीत राहणारी. मी निरोप पाठवला, ती धावतच आली, हाताला पीठ. चेहरा असा खुललेला की जसं मी तिला बक्षीस द्यायलाच बोलावलंय.

"ऐकलं का ताई? मी भरलं. मोठ्याबाई दवाखान्यात होत्या, गाणं निजू नये म्हून मीच भरलं."

"आधीचं कुठंय?"

"आधीचं?" तिला प्रश्नच कळला नाही. "मशीननं इचारलं, या नावाचं हायेच, बदलवू का? मी म्हटलं, हो. गाणं तं तेच हाये न."

मी तिला जे बोलले ते इथं लिहीत नाही. आवाज चढला होता, अभ्यासिकेतली पोरं पुस्तकातून मान वर काढून पाहत होती. ती पिठाचे हात पुढं धरून उभी राहिली आणि मग हळूच म्हणाली, "मले वाटलं, त्याहीले बरं वाटीन." यात तिची काही चूक नव्हती हे मला तेव्हाही कळत होतं. तिच्या जागी मंडळातली कुठलीही बाई असती तरी तिनं हो म्हटलं असतं. ज्या ठिकाणी गाणं एकच असतं आणि म्हणणाऱ्या बदलतात, तिथं मशीनच्या त्या प्रश्नाला दुसरं उत्तरच नाही. पण कळणं वेगळं आणि राग वेगळा.

गेलेल्या फाईली परत मिळवायचे प्रोग्राम असतात. मी सगळे लावून पाहिले. जागा त्याच फाईलनं घेतली होती, आणि वरून पोरांनी अभ्यासाचे व्हिडिओ भरभरून टाकले होते. तुकडे मिळाले, त्यात नुसती खरखर. मी ते मशीन बंद केलं आणि जाऊबाईंना सांगायला घरी गेले. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

त्या ओट्यावर लसूण सोलत होत्या. मी सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "मी म्हणत होते तुम्हाला. सहा, चार, चार ठेवलं असतं तर आज गाणं असतं." हे बोलायची गरज नव्हती, पण जीभ कोणाच्या बापाची. त्यांनी लसूण खाली ठेवला आणि हातानं खुणावलं. लाव.

मी मोबाईलवर त्या सुनेचं गाणं लावलं. जाऊबाईंनी डोळे मिटले. सुनेचा आवाज बारीक, ताल जरा घाईचा. जाऊबाईंनी मांडीवर हात आपटून ताल धरला, तिच्यापेक्षा सावकाश, जसं काही तिला मागं ओढतायत. त्यांची कडवी संपली, मध्ये कडवी घातलेल्या दोघींची संपली, आणि मग सुनेचं स्वतःचं आलं.

चुना मारला हातानं बाई, पांढरे झाले चुड्याचे काठ,
पोरी बसल्या वाचाले आता, सरळ झाली माही पाठ.

जाऊबाईंनी डोळे उघडले. पुन्हा लाव, अशी खूण केली. पुन्हा ऐकलं. मग हात जमिनीपाशी नेला, तिथून कमरेइतका वर आणला आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या कडव्यात भिंत कमरेइतकी होती. नंतर हात डोक्याच्या वर नेला आणि चुना मारल्यासारखा फिरवला. त्या हसत होत्या. आवाज नव्हता, पण खांदे हलत होते, फडकं हलत होतं. संध्याकाळी त्यांनी मला त्या सुनेला बोलवायला लावलं आणि मांडीवर टाळ्या देऊन तिचा ताल सुधारून घेतला. पोरगी माझ्याकडे बघायची हिंमत करत नव्हती. मी चहा केला, तिच्या कपात साखर जरा जास्त टाकली. माफी मागायचा मला तेवढाच प्रकार जमतो.

मला बरं वाटलं का? खरं सांगायचं तर नाही. जाऊबाईंचं बरोबर होतं, गाणं जागं होतं, भिंत चुन्यापर्यंत पोचली होती. पण मला गाणं नको होतं, मला त्यांचा आवाज हवा होता. लग्न होऊन आले तेव्हापासून रोज सकाळी मला ज्या आवाजानं उठवलं तो. तो आता फक्त मशीनमध्ये होता आणि त्यातलं सगळ्यात चांगलं गाणं कमी होतं.

काही दिवस गेले. एका दुपारी क्लासच्या जिन्यावर पावलं वाजली आणि दारात भासरे उभे. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा वर आले होते. मी डोक्यावर पदर घ्यायला गेले तर अंगात ड्रेस, ओढणी खुर्चीवर. ते भिंतीवरच्या कीबोर्डच्या तक्त्याकडे बघत बोलले.

"विहारातलं ते गाणं गेलं म्हनतेत."

"हो दादा, गेलं."

"सुरुवातीचंही गेलं? बोलनं होतं थे?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांना गाणं नको होतं. पुढं या जी, एवढंच हवं होतं. मी म्हटलं, तेही गेलं. त्यांनी मान हलवली आणि ते वळले. जिन्याची एक पायरी उतरलेसुद्धा.

"दादा, बाकीच्या गाण्यांच्या आधी बोलणं आहे," मी म्हटलं. "मी कापलं नाही अजून."

ते परत आले. मी कोपऱ्यातल्या मशीनवर त्यांना बसवलं, कानाला हेडफोन लावून दिले आणि पहिली फाईल सुरू केली. मला काही ऐकू येत नव्हतं, पण त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं ती कुठं पोचली ते. डाळीबद्दल बोलणं चालू असेल. शेजारणीच्या सुनेबद्दल असेल. मग त्यांनी एकदम हात वर केला. गाणं सुरू झालं असणार.

"गाणं राहू दे," ते म्हणाले. "गाणं मंडळाचं हाये. बोलनं लाव."

त्या दिवशी आम्ही सगळ्या फाईलींचं बोलणं ऐकलं. म्हणजे मी ऐकलं नाही, एकामागून एक लावून दिलं. नंतर मी बसून ती सगळी सुरुवात वेगळी काढली. तांदळातले खडे मी नीट निवडून ठेवले, एकही टाकला नाही. त्यांचा एक फोल्डर केला, सीपीनं त्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक विहारातल्या मशीनवर. या वेळी परवानगी देताना मला कोणाला विचारावं लागलं नाही. मालकाला सगळं, मंडळाला शून्य, बाकीच्यांना शून्य. मालक म्हणून भासऱ्यांचं खातं काढलं. हे मी त्यांना समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी पुन्हा तक्त्याकडे पाहून विचारलं, "बाकीच्यात तू येत असशीन?" मी म्हटलं, मशीन मी लावलंय, त्यामुळे मला उघडता येतं, पण उघडणार नाही. त्यांना ते पटलं.

जाऊबाईंना हे सगळं माहीत होतं. भासरे कुठं जातात ते त्यांना कळत नसेल असं कधी झालंच नाही. घरात त्यांची आता वेगळी रीत बसली होती. जेवायला बोलवायचं तर दोन टाळ्या, चहाला एक. रागावल्या तर पातेलं आपटत. वाड्यातून भासरे टाळीला ओ देत आणि हात धुवायला निघत. त्यांचं चांगलं चाललं होतं. तरी आठवड्यातून एखाद्या दुपारी, शेलूबाजारला काही आणायला आले की, ते वर येत, कोपऱ्यात बसत आणि हेडफोन लावत. माझ्या क्लासच्या पोरींना आधी नवल वाटलं, मग त्या त्यांना पाण्याचा ग्लास आणून द्यायला लागल्या.

असंच एकदा क्लास भरलेला होता, पोरी टायपिंगची परीक्षा देत होत्या, खोलीत नुसती बटणांची टकटक. भासरे त्यांच्या जागी बसले होते. मध्येच ते मोठ्यानं म्हणाले, "आलो."

कानाला हेडफोन असलेल्या माणसाला आपला आवाज केवढा झाला ते कळत नाही. टकटक थांबली. कोणीतरी खुदकन हसलं आणि गप्प झालं. ते अर्धवट उठले होते, एक हात टेबलावर. वायर ताणली गेली तेव्हा भानावर आले आणि बसले.

मी त्यांच्याजवळ गेले. हेडफोन काढून त्यांनी हळूच टेबलावर ठेवले, आणि या वेळी तक्त्याकडे न बघता माझ्याकडे पाहिलं. "या खिडकीतून बलावते ती," ते म्हणाले. "वर या जी, चहा निवून राह्यला, उनात कायले उभे राह्यता. हरेक डाव बलावते." जरा थांबून म्हणाले, "मी खालूनच हात हालवत होतो. वर एकही डाव नाई आलो."

मी म्हटलं, चहा टाकते दादा. ते म्हणाले, नको, घरी जातो, ती बसली असंन टाळी वाजवून. आणि घाईघाईनं जिना उतरले.